बिनराऊटरचं घर

मी बँकेत कारकून आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे जे काही घडलं त्याबद्दल माझ्याकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवणार नाही. त्यातून शिक्षण बी.कॉम. बटण खाली केलं की दिवा लागतो आणि बिल भरलं नाही की तो जातो, इथे माझं वीजशास्त्र संपतं. घरातला फ्यूज उडाला तर सौ. स्टुलावर चढते आणि मी स्टूल धरतो. स्टूल मात्र मी उत्तम धरतो. अशा माणसाने २०१० सालच्या मे महिन्यात, डोंबिवलीच्या आपल्या राहत्या घरात, दोन कॉम्प्युटर तारेविना आणि राऊटरविना एकमेकांना जोडून दाखवले, यावर आमच्या शाखेत अजून कोणाचा विश्वास बसत नाही. मीही फार ओढून धरत नाही. बँकेत ज्या कारकुनाला कॉम्प्युटरमधलं कळतं असा बोभाटा होतो, त्याचा पुढचा जन्म मॅनेजरसाहेबांचा प्रिंटर दुरुस्त करण्यात जातो.

आता दोन कॉम्प्युटर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे सुखवस्तू घर उभं राहील. तसं काही नव्हतं. एक होता तो अण्णांच्या, म्हणजे आमच्या तीर्थरूपांच्या खोलीत. भलामोठा डबा, त्यावर पोट सुटलेला पडदा, आणि पंख्याचा आवाज असा, की पाहुणे गिरणी कुठे आहे म्हणून विचारत. दुसरा लॅपटॉप. तो माझ्या भाच्याने नवा घेतल्यावर मला जुना दिला. पूर्वी मामाने भाच्याला जुनी सायकल द्यायची पद्धत होती. काळ बदलला आणि गंगा उलटी वाहू लागली, इतकंच.

इंटरनेट होतं, पण ते अण्णांच्या खोलीत. कारण टेलिफोनचा पॉइंट तिथे. टेलिफोनच्या तारेला एक मोडेम, मोडेमला एक तार आणि त्या तारेच्या टोकाला अण्णांचा कॉम्प्युटर. पैसे मी भरायचे आणि इंटरनेट अण्णांकडे. रात्री बाहेरच्या खोलीत आडवं पडून काही वाचावं, चार ओळी कोणाला लिहाव्यात, म्हटलं तर अण्णांच्या खोलीत जाऊन त्यांच्या खुर्चीत बसावं लागे, आणि ते पलंगावर वर्तमानपत्र धरून मागे बसलेले असत. ते काही बोलत नसत. तेच तर अवघड होतं.

अण्णांचं बोलणं समजून घ्यायला त्यांची नोकरी समजून घ्यायला हवी. उभा जन्म तार-ऑफिसात. कट्ट कडकट्ट. ज्या खात्यात दर शब्दाला पैसे पडतात, त्या खात्यात माणूस चाळीस वर्षं राहिला की त्याच्या जिभेला मीटर लागतो. माझा जन्म झाला तेव्हा अण्णांनी आजोबांना तार केली ती ‘मुलगा. दोघे ठीक.’ एवढीच. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा कांदेपोहे संपेपर्यंत अण्णा गप्प होते आणि जिना उतरताना म्हणाले, ‘पसंत.’ तो शब्द मुलगी मला पसंत आहे की नाही हे विचारणारा होता, की त्यांना पसंत आहे हे सांगणारा, ते मला आजतागायत कळलेलं नाही. लग्न मात्र झालं.

आई होती तोवर हे चालून जायचं. अण्णा आणि मी आठ फुटांवर बसलेले असलो तरी आमचा सारा व्यवहार आईमार्फत व्हायचा. अण्णा म्हणायचे, ‘उशीर.’ आई स्वयंपाकघरातून यायची आणि मला सांगायची, ‘अरे, ते म्हणताहेत की रोज साडेनऊ होतात तुला, गाड्यांना गर्दी असते, वेळेवर जेवत जा, तब्येत किती उतरलीय.’ हे सगळं त्या एका शब्दात होतं. मी मग अर्धा तास बँकेवर, रेल्वेवर आणि एकूणच मानवजातीवर तोंडसुख घ्यायचो आणि आई आत जाऊन अण्णांना सांगायची, ‘दमलाय.’ अण्णांच्या एका शब्दाची चार वाक्यं करायची आणि माझ्या चाळीस वाक्यांचा एक शब्द, हे काम तिने तीस वर्षं बिनपगारी केलं.

त्यात २००८ साली एक भानगड झाली. मला अधिकारीपदाची बढती आली आणि मी ती नाकारली. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे परराज्यातलं एखादं गाव. मी शाखेत सगळ्यांना सांगितलं, ‘डोंबिवलीची आठ सतराची गाडी सोडून मला कुठे जायचं नाही.’ सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, ‘खांब.’ याचं भाषांतर आईने केलं नाही. ती तेव्हा अंथरुणाला खिळली होती. २००९ च्या जानेवारीत ती गेली, आणि तो ‘खांब’ आमच्या दोघांच्या मध्ये तसाच उभा राहिला.

सौ.ला मी एकदोनदा त्या कामावर नेमायचा प्रयत्न केला. ‘अगं, अण्णांना जरा विचार ना...’ तिने स्पष्ट सांगितलं, ‘अहो, मी नाही मध्ये पडणार. वडील तुमचे आहेत. तुमचं तुम्ही बोला.’ कायद्याने तिचं बरोबर होतं.

तर इंटरनेट बाहेरच्या खोलीत आणायचं. आता भिंतीला भोक पाडून तार ओढली की काम झालं. पण नुकताच रंग दिला होता आणि भोक हा शब्द काढताच सौ.चा चेहरा असा झाला, की मी तो पुन्हा काढला नाही. जमिनीवरून तार न्यावी, तर अण्णा रात्री दोनदा उठतात. राहिला राऊटर. त्याची किंमत दुकानदाराने सांगितली अठराशे रुपये. मी म्हटलं, हा राऊटर करतो काय नेमकं? दुकानदार म्हणाला, ‘साहेब, तो मध्ये बसतो. याचं त्याला देतो, त्याचं याला देतो.’ नुसतं मध्ये बसून इकडचं तिकडे करायचे अठराशे! तेही काम आमच्या घरात वर्षानुवर्षं फुकट झालेलं असताना! मी दुकानाबाहेर पडलो.

भाच्याला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘मामा, राऊटर कशाला? दोन कॉम्प्युटर थेटसुद्धा बोलू शकतात की. मध्ये कोणी लागत नाही. फक्त दोघांनाही तसं सांगावं लागतं. आजोबांच्या कॉम्प्युटरला वायरलेसची एक काडी लावा. तुमच्या लॅपटॉपमध्ये ती आतच आहे. याला अ‍ॅड हॉक नेटवर्क म्हणतात.’

अ‍ॅड हॉक! हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगात बळ आलं. इतका वेळ भाचा परदेशी भाषा बोलत होता, आता तो माझ्या गावात आला. बँकेतल्या माणसाला अ‍ॅड हॉक सांगायची गरज नाही. व्यापाऱ्याची कर्जमर्यादा संपली आणि दिवाळीचा माल भरायचा असला, की आम्ही त्याला अ‍ॅड हॉक लिमिट देतो. शब्द लॅटिन, पण अर्थ अस्सल देशी: ‘सध्या भागवून घ्या, पुढचं पुढे बघू.’ ते लिमिट मंजुरीपासून १८० दिवसांत रीतसर करून घेतलं नाही, तर खातं अनुत्पादक ठरतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे तात्पुरत्यालाही मुदत असते. ही मुदत घरात कोणी मोजत नाही, म्हणून घरं चालतात.

शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक आटोपून मी ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. तिथे एका दुकानात साडेसहाशेला ती काडी मिळाली. आकार करंगळीएवढा. वर ‘५४’ असा आकडा होता. मी विचारलं, ‘हे काय?’ शेठ म्हणाले, ‘स्पीड.’ पुढे भाच्याने सांगितलं की राऊटर मध्ये नसला की बहुतेक ठिकाणी ५४ चे ११ च होतात, कारण थेट बोलण्यासाठी तेवढ्याच वेगाचा नियम आहे. मला जरा हळहळ वाटली. मग लक्षात आलं, की आपल्या घरात येणारं इंटरनेटच मुळी करंगळीएवढ्या धारेचं. नळालाच पाणी नाही, तर पाइप अकरा इंची असला काय आणि चोपन्न इंची असला काय!

रविवारी सकाळी मी काडी घेऊन अण्णांच्या खोलीत शिरलो. अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. हा त्यांच्या लेखी मोठा समारंभ.

‘काय?’

‘वायरलेस,’ मी म्हटलं.

‘लायसन्स?’

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. ज्या माणसाच्या तरुणपणी घरातल्या साध्या रेडिओलासुद्धा पोस्टातून लायसन्स काढावं लागे, आणि ज्याने पुढे सगळी हयात तारांच्या कायद्याखाली काढली, त्याला घरात बिनतारी यंत्र लागतंय म्हटल्यावर आधी हेच सुचणार. मी भाच्याला विचारलं. त्याने शोधून सांगितलं, की या लहरींच्या पट्ट्यातली कमी ताकदीची यंत्रं सरकारने २००५ साली लायसन्समधून मोकळी केली आहेत. मी ते अण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. परवानगी मिळाली होती.

मग सुरू झालं भाच्याचं पुण्याहून फोनवर उंटावरून शेळ्या हाकणं. दोन्ही कॉम्प्युटरांवर तेव्हा विंडोज एक्सपी होतं. त्यात एका खोपच्यात ‘हे नेटवर्क कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर आहे, मधली यंत्रं वापरलेली नाहीत’ अशा अर्थाचा एक चौकोन असतो. त्यावर खूण करायची, नेटवर्कला नाव द्यायचं आणि एक सांकेतिक शब्द ठरवायचा. नाव मी ‘घर’ ठेवलं. सांकेतिक शब्द मात्र इंग्रजी पाच अक्षरांचा हवा नाही तर तेरा. सहा चालत नाहीत, बारा चालत नाहीत. मी वैतागलो. अण्णा खुलले. अक्षरं मोजून मजकूर लिहायचा हा तर त्यांचा हातखंडा.

‘दादर,’ ते म्हणाले.

इंग्रजीत दादर लिहून बघा. बरोबर पाच. भाचा फोनवर ओरडला, ‘मामा, हे कुलूप काही कामाचं नाही हं! हे कसं फोडायचं ते २००१ सालीच लोकांनी दाखवून दिलंय!’ मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली: पलंग, कपाट, पाण्याचा तांब्या. ‘नेऊ दे,’ म्हणाले.

यानंतर अण्णांच्या कॉम्प्युटरला सांगायचं, की तुझ्याकडे येणारं इंटरनेट शेजाऱ्याला वाटून दे. तेवढी खूण केली की तो स्वतः १९२.१६८.०.१ असा नंबर घेतो आणि दुसऱ्याला आपल्यामागचा एखादा नंबर देतो. म्हणजे घरात कर्ता पुरुष एक, बाकी सगळे त्याच्या मागे. तत्त्व मला पटलं. पण माझ्या लॅपटॉपने घेतला १६९.२५४ ने सुरू होणारा कसलातरी नंबर. भाचा म्हणाला, ‘म्हणजे त्याला आजोबांच्या कॉम्प्युटरने नंबर दिला नाही. कोणी विचारत नाही असं दिसलं की कॉम्प्युटर स्वतःच स्वतःला असा नंबर लावून घेतो.’ बँकेत अशी माणसं मी खूप पाहिली आहेत.

‘मामा, पिंग करा,’ भाचा म्हणाला. पिंग म्हणजे एकाने दुसऱ्याला हाक मारायची आणि त्याने ओ द्यायची. त्याने एक नंबर सरावासाठी दिला, १२७.०.०.१. मी हाक मारली. पटापट चार ओळींनी उत्तर आलं! मी ओरडलो, सौ. धावत आली, अण्णा उठून उभे राहिले. भाचा शांतपणे म्हणाला, ‘मामा, तो तुमचाच लॅपटॉप आहे. तुम्ही स्वतःलाच हाक मारलीत आणि स्वतःच ओ दिलीत.’ सौ. म्हणाली, ‘हे ते रोजच करतात,’ आणि परत गेली.

खऱ्या नंबराला हाक मारली तर उत्तर नाही. चार वेळा हाक, चार वेळा ‘वेळ संपली’. अण्णा माझ्या खांद्यावरून पाहत होते. त्यांनी मग आयुष्यातलं एक प्रदीर्घ भाषण केलं: ‘आधी लाइन तपास. मग मजकूर. लाइन ठीक असेल, तर पलीकडचा माणूस झोपलाय.’

आणि नेमकं तेच होतं. पलीकडे फायरवॉल नावाचे दोन पहारेकरी होते, एक विंडोजचा आणि एक मीच विकत घेतलेल्या अँटिव्हायरसचा. दोघेही अनोळखी माणसाला दारातूनच परत पाठवत होते. त्यांना समजावलं. लॅपटॉपचा नंबर सुधारला. पुन्हा हाक मारली आणि उत्तर आलं. चार हाका, चार उत्तरं. अण्णा पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ मोजत होते. ‘पोच आली,’ म्हणाले. त्यांचा आवाज मला जरा वेगळा वाटला. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या तारांची पोच दिली, त्याला घरच्या घरात पहिल्यांदाच कोणाची तरी पोच मिळत होती.

पण लॅपटॉप घेऊन मी बाहेरच्या खोलीत गेलो आणि पोच बंद. पुन्हा आत आलो, पोच सुरू. कारण उघड होतं. काडी होती डब्याच्या मागच्या बाजूला, आणि तिच्यापुढे आमचं लोखंडी कपाट, ज्यात आईच्या पातळांपासून माझ्या बी.कॉम.च्या प्रमाणपत्रापर्यंत सगळं कोंबलेलं. लोखंडातून लहरी जात नाहीत. मी दीड मीटरची एक जोडतार आणली, काडी तिच्या टोकाला लावली आणि मारुतीने द्रोणागिरी धरावा तशी हातात धरून खोलीभर फिरू लागलो. सौ. बाहेरून लॅपटॉपवरच्या पट्ट्या मोजून ओरडत होती: ‘दोन! एक! गेली! तीन!’ दाराशेजारच्या भिंतीपाशी ती ओरडली, ‘पाच! तिथेच थांबा!’

मी थांबलो. पण काडी टांगायची कशाला? त्या भिंतीवर एकच खिळा होता. त्यावर आईचा फोटो होता.

मी हात खाली घेतला. अण्णा उठले, माझ्या हातातून ती तार घेतली, फोटोमागून वर ओढून खिळ्याला एक वेढा दिला आणि काडी चौकटीच्या खाली लोंबती सोडली. हार सरळ केला. ‘चालेल तिला,’ म्हणाले.

असं आमचं घर जोडलं गेलं. सगळंच सुरळीत होतं असं नाही. संध्याकाळी सौ. मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवायला ठेवी आणि माझं इंटरनेट ठप्प होई, कारण दूध तापवणाऱ्या लहरी आणि माझ्या लहरी साधारण एकाच गावच्या. दूध उतू जात नसे, पण मी जात असे. एकदा रेल्वेचं आरक्षण अगदी पैसे भरण्याच्या पायरीवर असताना तिने वरण गरम केलं आणि आमची कोकणची सहल त्या वाटीत बुडाली.

पण खरी गोम वेगळीच होती. ती भाच्याने आधी सांगितली नव्हती. राऊटर असला तर तो आपला कोपऱ्यात चोवीस तास जागा. अ‍ॅड हॉकमध्ये कर्त्या कॉम्प्युटरला जागं राहावं लागतं. अण्णांचा कॉम्प्युटर बंद झाला, की ‘घर’ हे नावच लॅपटॉपच्या यादीतून नाहीसं होई. आणि अण्णा साडेनऊला पत्त्यांचा डाव आटोपून कॉम्प्युटर बंद करत, पंचवीस वर्षांपूर्वी यंत्र बंद करत तसे, घड्याळ बघून. मी साडेनऊला घरी येणार. म्हणजे मला इंटरनेट हवं असेल तर रोज त्यांच्या दारात जाऊन विचारावं लागणार.

पहिल्या दिवशी मी दारात दहा मिनिटं उभा होतो. शेवटी म्हटलं, ‘अण्णा, चालू आहे का?’

‘चालू.’

‘ठेवाल जरा?’

‘किती?’

‘अर्धा तास.’

‘बरं.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, ‘अकरापर्यंत ठेवतो.’ दोन शब्द! आठवड्याने मी पाहिलं, अण्णा साडेनऊनंतरही खुर्चीत बसून होते, पत्ते संपले तरी. त्यांना ते यंत्र एकटं सोडून झोपवत नसे. ड्यूटी.

आता मुख्य गोष्ट. इंटरनेटबरोबर फायलीसुद्धा एकमेकांच्या पाहता येतात असं भाच्याने सांगितलं. ताईने पाठवलेले फोटो माझ्या लॅपटॉपवर होते, ते अण्णांना दिसावेत म्हणून एक कप्पा खुला करायचा होता. मी कप्प्याऐवजी अख्खा डी ड्राइव्हच खुला केला. विंडोजने बजावलं होतं बरं का! ‘यात धोका आहे. धोका समजूनही खुलं करायचं असेल तर इथे टिचकी मारा.’ पण रोज शंभर गिऱ्हाइकांकडून ‘वरील अटी वाचल्या व समजल्या’ याखाली सह्या घेणारा माणूस अटी वाचत नसतो. मी टिचकी मारली.

त्या ड्राइव्हमध्ये माझं सगळं होतं. पगाराच्या पावत्या होत्या. बँकेच्या गृहपत्रिकेसाठी लिहिलेले विनोदी लेख होते, त्यांतला एक ‘आमचे तारमास्तर’ या नावाचा होता, आणि तो कोणावर होता हे सांगायला नको. आणि २००८ साली बढती नाकारताना साहेबांना लिहिलेलं पत्रही होतं.

जून महिन्यात एका रात्री मी लॅपटॉप उघडला, तर ड्राइव्हमध्ये दोन नव्या गोष्टी. पहिली, ‘आमचे तारमास्तर’ची दुरुस्त प्रत. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका सुधारलेल्या, आणि मोर्समधल्या एका अक्षराचे टिंब-रेघ मी उलटे लिहिले होते, तेही सरळ केलेले. थट्टेला मात्र कुठेही हात लावलेला नव्हता. दुसरी, चार दिवसांपूर्वीच्या तारखेची एक छोटी फाईल. ती माझ्या नजरेला पडली नव्हती. इंग्रजीत, सगळी मोठी अक्षरं, तारेची भाषा:

‘लेटर सीन स्टॉप व्हाय नॉट टोल्ड स्टॉप टी रेडी.’

त्या पत्रात मी साहेबांना खरं कारण लिहिलं होतं. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, वडिलांना एकट्याला ते झेपणार नाही, सबब बदलीवर जाता येत नाही. घरी सांगितलं नव्हतं. आईला कळलं असतं तर तिने मला धक्के मारून गाडीत बसवलं असतं. अण्णांना सांगितलं असतं तर आईला कळलं असतं, कारण आमच्या घरात कुठलीही गोष्ट तिच्यावरूनच जायची. म्हणून आठ सतराच्या गाडीचं निमित्त.

नऊ शब्द. पैकी दोन स्टॉप. मी फाईल बंद केली आणि अण्णांच्या खोलीत गेलो. ते खुर्चीत होते. टेबलावर थर्मास होता. मला एकदम कळलं की तो थर्मास तिथे चार रात्री होता, आणि मी चारही रात्री दारातून ‘चालू आहे का’ विचारून परत फिरलो होतो.

‘उशीर,’ अण्णा म्हणाले.

या वेळी भाषांतराला कोणी नव्हतं. पण मला वाटतं, मी ते बरोबर केलं. मी बसलो. चहा अर्थातच कडू झाला होता. आम्ही तो प्यालो. अण्णांनी मला विचारलं, ‘बढती पुन्हा?’ मी म्हटलं, ‘येईल.’ ती पुढे आली नाही आणि मी अजून कारकूनच आहे, पण ‘खांब’ हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही.

आमची अ‍ॅड हॉक जोडणी १८० दिवस काय, साडेचार वर्षं चालली. मधल्या काळात १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीला मिळणारी मदतही थांबली, आणि नवीन विंडोजमधून तर तो कॉम्प्युटर ते कॉम्प्युटरचा चौकोनच डोळ्यांआड केलेला. अखेर जाडजूड वायर घेऊन एक कंपनीवाला पोरगा आला, त्याने सौ.समोर भिंतीला राजरोस भोक पाडलं आणि राऊटर लावून गेला. आता घरातल्या प्रत्येकाच्या हातात फोन, आणि प्रत्येक खोलीत पाच पट्ट्या. आमचे चिरंजीव शेजारच्या खोलीत असतात आणि त्यांना ‘जेवायला ये’ हा निरोप मी फोनवरून पाठवतो. तो कुठल्या देशातल्या कॉम्प्युटरला वळसा घालून भिंतीपलीकडे पोचतो देव जाणे. अण्णांनी हे एकदा पाहिलं. म्हणाले, ‘हाक मार. फुकट असते.’

अण्णा आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. जुना डबा भंगारात गेला. काडी मात्र आईच्या फोटोखाली अजून लोंबते आहे. साफसफाईत सौ. ती पुसून पुन्हा तिथेच सोडते. राऊटर दिवसरात्र जागा असतो, त्यामुळे कोणाला काही विचारायची गरज राहिलेली नाही. तरीही घरी आलो, हातपाय धुतले, की मी अण्णांच्या दाराशी जातो.

‘अण्णा, चालू आहे का?’

‘चालू,’ अण्णा म्हणतात. ‘बस.’